शरीराचे पंचांग आणि भरतीची जाहिरात

पोलीस भरतीची जाहिरात वृत्तपत्रांत झळकली, की आठवडाभरात परतवाड्याच्या रस्त्यांचे पहाटेचे रूप पालटते. अमरावती, अंजनगाव, बैतूल आणि धारणी अशा चारही दिशांना जाणाऱ्या डांबरी सडकांच्या कडेने तरुण-तरुणींचे जथे अंधारातच धावू लागतात. त्यांत संत्र्याच्या बागेत मजुरी करणाऱ्यांची मुले असतात, लहान दुकानदारांची असतात, मेळघाटातून शिक्षणासाठी खाली उतरलेले कोरकू विद्यार्थीही असतात. कोणालाही समाधान वाटावे असेच हे दृश्य आहे. परंतु तीन-चार आठवडे लोटले, की यांपैकी कित्येक जण नडगीला फडके गुंडाळून कडेला बसलेले दिसू लागतात आणि हळूहळू दिसेनासे होतात. त्यांची कोठेही नोंद होत नाही. मैदानी चाचणीत जे नापास होतात त्यांची तरी यादी लागते. जे मैदानापर्यंत पोहोचतच नाहीत त्यांची यादी कोण लावणार?

दुखणाऱ्या नडगीवर सर्वत्र एकच उपाय सांगितला जातो : धावत राहा, सवय झाली की दुखणे थांबेल. हा सल्ला अर्धा खरा आहे, आणि अर्धा खरा असल्यामुळेच तो घातक आहे. शरीराला सवय होते यात संशय नाही. पण शरीर म्हणजे काही एकसंध वस्तू नव्हे. रक्ताला सवय होण्यास लागणारा काळ निराळा, स्नायूंचा निराळा आणि हाडांचा तर अगदीच निराळा. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे, शरीरशास्त्राचा नव्हे. तथापि ज्या विषयात गुंतवणूक, मुदत आणि घसारा या तिन्ही कल्पना पदोपदी भेटतात, त्यात अर्थशास्त्राच्या माणसाने थोडे डोकावले तर वावगे ठरू नये.

व्यायामाच्या बाबतीत वऱ्हाड काही मागासलेला प्रदेश नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापन केले, आणि १९३६ साली बर्लिन येथील ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने जगासमोर कबड्डीची प्रात्यक्षिके केली. योगायोग असा, की त्याच १९३६ साली हान्स सेल्ये या संशोधकाने ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटेसे टिपण प्रसिद्ध केले. कोणताही ताण आला, की शरीर प्रथम हादरते, नंतर त्या ताणाशी जुळवून घेते, आणि ताण अखंड चालूच राहिला तर शेवटी कोलमडते, असा त्याचा निष्कर्ष. सेल्येचे प्रयोग उंदरांवरचे होते आणि व्यायामाशी त्यांचा थेट संबंध नव्हता. परंतु पुढच्या काळातील क्रीडा-प्रशिक्षकांनी हीच तीन पावले आपल्या शास्त्राच्या पायाशी घेतली. आपल्याकडे वाग्भटाने तर ‘अष्टांगहृदया’त व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा, तोही बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्याने, थंडीत व वसंतात, आणि इतर ऋतूंत त्याहून कमी, असे सांगून ठेवले आहे. जून महिन्यात, अर्धपोटी आणि पूर्ण शक्तीने धावणाऱ्या आमच्या उमेदवारांना वाग्भट काय म्हणाला असता, याची कल्पना करणे फारसे कठीण नाही.

आता शरीराचे पंचांग पाहू. नवखा मनुष्य नियमाने धावू लागला, की सर्वांत आधी बदलते ते रक्त. रक्तातील पातळ भाग, ज्याला रक्तद्रव म्हणतात, तो एक-दोन आठवड्यांतच वाढतो. हृदयाकडे परतणारे रक्त वाढते, हृदय प्रत्येक ठोक्यागणिक अधिक रक्त बाहेर टाकते आणि नाडी मंदावू लागते. विश्रांतीच्या वेळी माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फिरवते. ज्याची नाडी ७० आहे, त्याच्या हृदयाला हे काम ७० ठोक्यांत करावे लागते. वर्षानुवर्षे धावणाऱ्याचे हृदय तेच काम ५० ठोक्यांत उरकते. एवढा फरक पडण्यास पुष्कळ काळ लागतो, पण त्याची सुरुवात पहिल्या पंधरवड्यातच होते आणि उमेदवाराला ती जाणवतेही. दम कमी लागतो, हुरूप वाढतो. गोळाफेकीचेही तसेच. पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढलेली दिसते, ती स्नायू जाड झाल्यामुळे नसते. मेंदू व मज्जातंतू आहेत त्याच स्नायूंना अधिक संख्येने आणि अधिक नेटकेपणाने कामाला लावण्यास शिकलेले असतात. कारखान्यात एकही नवे यंत्र न आणता केवळ पाळ्यांची व्यवस्था सुधारून उत्पादन वाढावे, तसा हा प्रकार आहे. नवी यंत्रे, म्हणजे स्नायूंची खरी वाढ, त्यानंतर येते.

स्नायूंच्या आत त्याहून खोल असा एक बदल घडतो. स्नायूंच्या पेशींत तंतुकणिका नावाच्या सूक्ष्म भट्ट्या असतात. प्राणवायूच्या साहाय्याने अन्नाची शक्ती करण्याचे काम त्या करतात. १९६७ साली जॉन हॉलोझी या अमेरिकी शास्त्रज्ञाने उंदरांना सरकत्या पट्ट्यावर सुमारे १२ आठवडे क्रमाक्रमाने वाढत जाणारा व्यायाम दिला, तेव्हा त्यांच्या स्नायूंतील या भट्ट्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता जवळजवळ दुप्पट झाल्याचे आढळले. तोपर्यंत व्यायामाने हृदय आणि फुप्फुसे तेवढी सुधारतात असा सर्वसाधारण समज होता. स्नायू स्वतःच आतून बदलतो, हे या प्रयोगाने दाखवून दिले. आमच्या दृष्टीने यातील महत्त्वाचे शब्द दोन : ‘क्रमाक्रमाने’ आणि ‘१२ आठवडे’.

खरी अडचण हाडांपाशी येते, आणि या लेखाचे प्रयोजनही तेच आहे. हाड आपल्याला दगडासारखे निर्जीव वाटते. वस्तुतः ते रोज थोडे मोडले आणि थोडे बांधले जाते. हाडावर नवा भार पडू लागला, की शरीर प्रथम त्या ठिकाणचा जुना भाग उकरून काढते आणि मग तेथे नवा, अधिक मजबूत भाग भरते. उकरण्याचे काम दोन-तीन आठवड्यांत आटोपते. भरण्याला मात्र तीन महिने, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. याचा अर्थ असा, की जोराचा सराव सुरू केल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास नडगीचे हाड पहिल्या दिवसापेक्षा काहीसे कमजोर झालेले असू शकते. आणि नेमक्या याच वेळी रक्त व स्नायू पुढे निघून गेलेले असतात. उमेदवाराला वाटते, आता जमू लागले, अंतर वाढवू या. छाती हो म्हणते, मांड्या हो म्हणतात. हाडाचे मत कोणी विचारीत नाही. रस्ता दुरुस्तीसाठी उकरून ठेवला असताना त्यावरून अवजड वाहने सोडावीत, त्यातलाच हा प्रकार होय. मग हाडाला केसासारखी चीर पडते. नडगी दुखण्याचे प्रत्येक प्रकरण या चिरेचेच असते असे नाही. पुष्कळदा ती हाडालगतच्या भागाची साधी दुखापत असते. पण दुखणे बोटाने दाखविता येईल इतके एकाच जागी असेल, आणि रात्री झोपेतही ठणकत असेल, तर ‘सवय होईल’ म्हणून धावत राहणे म्हणजे चिरेचे भंगात रूपांतर करणे होय.

ही गोष्ट आजकालची नाही. ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी वैद्याने १८५५ सालीच दूरवर कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचे वर्णन करून ठेवले होते. क्ष-किरणांचा शोध लागल्यावर ती हाडाची चीर असल्याचे उघड झाले. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या इस्रायली सैन्याच्या एका पाहणीत २९५ नवसैनिकांपैकी ३१ टक्क्यांना अशा चिरा पडल्याचे दिसले. त्या सैन्याने पुढील काळात अनेक उपाय करून पाहिले, बूट बदलून पाहिले, बुटांतील तळवे बदलून पाहिले. शेवटी विशेष गुण आला तो दोन अगदी साध्या गोष्टींनी : नवसैनिकांना रात्री किमान सहा तास झोप सक्तीची केली आणि एकूण चालण्याचे अंतर कमी केले. चिरांचे प्रमाण निम्म्याहूनही खाली आले. ज्या सैन्याला उसंत म्हणून ठाऊक नाही, त्याला विश्रांतीची सक्ती करावी लागली, हे आमच्या भरतीपूर्व प्रशिक्षण केंद्रांच्या चालकांनी भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे आहे. शरीर घडते ते धावताना नव्हे, धावल्यानंतरच्या विश्रांतीत. धावणे ही फक्त मागणी असते. पुरवठा झोपेत आणि जेवणात होतो.

हे पंचांग शासनाच्या पंचांगाशेजारी ठेवून पाहिले, म्हणजे विसंगती लक्षात येते. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत ५० गुण असतात. पुरुषांना १६०० मीटर धावण्यासाठी २० गुण असून ते पूर्ण मिळविण्यास ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत यावे लागते. मुलींना ८०० मीटर अंतर २ मिनिटे ५० सेकंदांत. निम्मे गुण मिळाल्याखेरीज पुढची लेखी परीक्षा नाही. हा निकष कडक आहे, आणि पोलिसासाठी तो कडक असू नये असे कोणी म्हणणार नाही. पण तारखा पाहा. २०१९ च्या सप्टेंबरात निघालेल्या जाहिरातीची परीक्षा २०२१ साल उजाडेपर्यंत झाली नाही. त्यात महासाथीचा भाग होता हे मान्य. त्यापुढची जाहिरात नोव्हेंबर २०२२ मध्ये निघाली आणि मैदानी चाचणी जानेवारी २०२३ च्या आरंभीच, म्हणजे अवघ्या दोन महिन्यांत सुरू झाली. पुढची जाहिरात मार्च २०२४ ची आणि चाचणी १९ जून २०२४ पासून. म्हणजे एकदा दोन वर्षे वाट पाहावयाची, एकदा दोन महिन्यांत तयार व्हावयाचे, एकदा वऱ्हाडच्या ऐन उन्हाळ्यात घाम गाळावयाचा. २०२४ च्या त्या भरतीत १७ हजारांवर जागांसाठी १७ लाखांवर अर्ज आले होते. एका जागेला शंभर उमेदवार.

‘जाहिरातीची वाट कशाला पाहता, वर्षभर सराव करा’ असे यावर सहज म्हणता येते. हा उपदेश शहाणपणाचा आहे, पण त्यात खर्चाचा विचार नाही. ज्या मुलाला सकाळी आठला मजुरीवर उभे राहावे लागते, त्याच्या दृष्टीने सरावाचा प्रत्येक महिना म्हणजे काही बुडालेली मजुरी आणि काही जादा अन्न. केव्हा फळेल हे ठाऊक नसलेल्या गुंतवणुकीत गरीब मनुष्य पैसा घालीत नाही, यात त्याचा आळस नसून हिशेब असतो. तारीख अनिश्चित असली, की तो शेवटच्या क्षणापर्यंत थांबणार आणि मग दोन महिन्यांत सहा महिन्यांचे काम उरकू पाहणार. सुखवस्तू घरचा मुलगा वर्षभर थांबू शकतो. त्याची हाडे तयार होतात. अनिश्चिततेची किंमत अशा रीतीने गरिबाच्या नडगीतून वसूल होते.

उन्हाचा प्रश्न तर वऱ्हाडाला वेगळा सांगावयास नको. उष्णतेशीही शरीर जुळवून घेते आणि ते बरेच लवकर, साधारण एक ते दोन आठवड्यांत. घाम लवकर सुटू लागतो, अधिक सुटतो, आणि त्यातून जाणारे मीठ कमी होते. पण त्यासाठी आरंभीचे दिवस हलक्या कामाचे असावे लागतात. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत, जेथे मजुरांविषयी कळवळा होता असा आरोप कोणी करणार नाही, तेथील मालकांनीही नव्या मजुराला काही दिवस उष्ण दालनात क्रमाने वाढते काम देऊन मगच खोल खाणीत उतरविण्याची पद्धत पाडली होती. कारण उष्माघाताने मेलेला मजूर नफ्याचा नसतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये झारखंडात अबकारी शिपायांच्या भरतीसाठी एका तासात १० किलोमीटर धावण्याची चाचणी होती. तीत दहाहून अधिक उमेदवार प्राणास मुकले. त्यामागील कारणांविषयी मतभेद झाले. तरीही उष्मा, अपुरी तयारी आणि अंतर ही तिन्ही एकत्र आणल्यास काय होऊ शकते, याचा तो इशारा आहे.

मुलींबाबत आणखी एका गोष्टीकडे दुर्लक्ष होते. प्राणवायू वाहून नेतो तो रक्तातील हिमोग्लोबिन, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात त्याची कमतरता आहे. ज्या मुलीचे हिमोग्लोबिन कमी आहे, तिला सराव वाढवा म्हणणे म्हणजे भांडवल नसलेल्या दुकानदाराला दुकानाची वेळ वाढवा म्हणण्यासारखे आहे. तिला आधी रक्ततपासणी आणि लोहाच्या गोळ्या हव्यात. या दोन्ही गोष्टी शासकीय रुग्णालयात मिळतात. त्याऐवजी ती उसनवारी करून डब्यातली महागडी भुकटी घेते. भाकर, डाळ, शेंगदाणे, अंडी आणि दूध यांवर घडत नाही असे कोणतेही शरीर त्या भुकटीने घडत नाही.

येथे चिखलदऱ्याविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. उंचीवर सराव केला, की विरळ हवेमुळे रक्त वाढते, असे सांगून उमेदवारांना तेथे नेले जाते. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंच आहे. विरळ हवेचा असा परिणाम साधण्यास सामान्यतः २००० मीटर किंवा अधिक उंची लागते, आणि तेथे काही आठवडे मुक्काम लागतो. चिखलदऱ्यात जो लाभ होतो, तो चढाचा आणि गारव्याचा. उतरणीचा धडाही तेथेच मिळतो. घाट चालत उतरलेल्या प्रवाशाच्या मांड्या दुसऱ्या दिवशी भरून येतात, त्याला पायरी उतरवत नाही. तोच मनुष्य दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा उतरला, तर त्रास पुष्कळच कमी होतो. एका खेपेतच स्नायू धडा घेतो. मेळघाटातील ज्या माणसांची रोजची वाटच चढउताराची आहे, त्यांना आपल्या मांड्यांची तक्रार हास्यास्पद वाटते, ती यामुळेच.

निवड यादी लागली, की रस्ते पुन्हा ओस पडतात. शंभरांतील नव्व्याण्णव घरी बसतात, आणि येथे घसाऱ्याचा नियम सुरू होतो. शरीर हे अत्यंत काटकसरी संस्थान आहे. जे वापरात नाही त्याच्या देखभालीवर ते खर्च करीत नाही. अमेरिकेतील डॅलस येथे १९६६ साली विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे पलंगावर पडून राहावयास लावले. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता एक चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा तीस वर्षांच्या वयाने जेवढे नुकसान केले होते, त्याहून अधिक नुकसान त्या तीन आठवड्यांनी केले होते असे दिसले. मात्र त्याच प्रयोगात हेही दिसले, की सरावाने गमावलेले परत मिळते. पन्नाशीत देखील पुष्कळसे मिळते. शिक्षक आणि कारकून वाचकांनी हे वाक्य स्वतःसाठी घ्यावयास हरकत नाही. लंडनच्या दुमजली बसगाड्यांत दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो, असे जेरी मॉरिस यांनी १९५३ सालीच दाखविले होते. खुर्चीवरच्या नोकरीत आपण सारे चालकांच्या बाजूला आहोत.

तेव्हा मागणी कोणती करावयाची? भरतीचे निकष सौम्य करा, अशी तर मुळीच नाही. मागणी एवढीच, की पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीचा महिना दर वर्षी ठरलेला असावा, तो थंडीतला असावा, आणि जाहिरात व चाचणी यांत किमान सहा महिन्यांचे अंतर असावे. शाळांच्या परीक्षांचे वेळापत्रक आपण कित्येक महिने आधी जाहीर करतो. ज्या परीक्षेत हाडे पणाला लागतात तिचे का करू नये? यासाठी तिजोरीवर एका पैशाचाही भार पडत नाही.

शासन हे करील तेव्हा करील. तोवर स्थानिक पातळीवर एक गोष्ट करण्यासारखी आहे. ही मुले डांबरी सडकेवर, अंधारात, ट्रकच्या दिव्यांसमोर धावतात, कारण मातीची मैदाने फाटकांच्या आत आहेत आणि फाटकांना पहाटे कुलूप असते. अचलपूर-परतवाड्यातील शाळा-महाविद्यालयांनी पहाटे पाच ते सात आपली मैदाने उघडी ठेवावीत. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने आठवड्यातून दोन दिवस तेथे उभे राहून कोणाचे अंतर किती वाढले आणि कोणाची नडगी कोठे दुखते एवढे वहीत टिपावे, आणि दुखणाऱ्याला चार आठवडे धावणे बंद करावयास लावून दवाखान्यात पाठवावे. त्याला शासननिर्णयाची गरज नाही. शाळा समितीचा एक ठराव आणि कुलपाची एक जादा किल्ली पुरे.